कॉम्प्युटरचा पत्ता

लहान गावात घराला नंबर लागत नाही. पोस्टमन पाकिटावरचे नाव वाचतो आणि पत्र बरोबर दारात आणून देतो. पारामागचे घर कोणाचे, विहिरीजवळचे कोणाचे, हे त्याला सांगावे लागत नाही. पण तोच पोस्टमन पुण्याला गेला तर? तिथे नुसते नाव चालायचे नाही. पेठ पाहिजे, गल्ली पाहिजे, घराचा नंबर पाहिजे.

कॉम्प्युटरचेही असेच आहे. एकटा कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, त्यावर बचत गटाचा हिशेब मांडला, पत्र लिहिले, तर त्याला पत्ता लागत नाही. पण सातबारा पाहायचा आहे, मुलीचा अर्ज भरायचा आहे, बाजारभाव बघायचा आहे. त्यासाठी दूरच्या कॉम्प्युटरांशी बोलावे लागते. मग पत्ता हवाच. आपण विचारलेले तिकडे गेले पाहिजे आणि तिकडचे उत्तर नेमके आपल्याच घरी आले पाहिजे.

जगभरचे कॉम्प्युटर असे एकमेकांना जोडलेले आहेत. या जोडणीला इंटरनेट म्हणतात. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. तेव्हा ते मोजक्या मोठ्या शहरांत होते. पुढे २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तंतूंची केबल नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच नंतर भारतनेट हे नाव मिळाले. या केबलीत केसासारखा बारीक काचेचा तंतू असतो आणि त्यातून उजेडाच्या रूपाने निरोप धावतात. म्हणून ही केबल फार वाकवू नये, दाराच्या फटीत चेपू नये. काच ती काचच!

आता पत्ता कसा असतो ते पाहू. हा आकडा वाचा :

१९२.१६८.१.७

एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, सात. पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. याला आयपी पत्ता म्हणतात. त्याचे चार भाग असतात आणि मध्ये टिंबे असतात. प्रत्येक भाग शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत असू शकतो. त्यापुढे नाही. असे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते होतात.

तुम्ही म्हणाल, माणसे तर त्याहून जास्त आहेत, मग पत्ते पुरतात कसे? बरोबर विचारलेत. ते पुरत नाहीत. म्हणून नव्या पद्धतीचे लांबलचक पत्तेही निघाले आहेत. आणि जुने पत्ते पुरवण्यासाठी एक युक्ती काढली आहे. ती आपल्याला सहज कळण्यासारखी आहे.

प्रत्येक घरात माजघर असते. "माजघरात ये," म्हटले की घरातल्या माणसाला कळते. पण पाकिटावर नुसते "माजघर" लिहून पेटीत टाकले तर पत्र पोचेल का? माजघरे तर घरोघर आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असे माजघराचे पत्ते आहेत. हे आकडे घरातल्या आणि कचेरीतल्या वापरासाठी राखून ठेवायचे, असे १९९६ सालच्या नियमात लिहिले आहे. १० ने सुरू होणारे पत्तेही तसेच. म्हणून १९२.१६८.१.७ हा पत्ता तुमच्या घरात आहे, शेजाऱ्याकडे आहे, आणि अमेरिकेतल्या एखाद्या घरातही आहे. कोणाचे कोणावाचून अडत नाही. बाहेरच्या जगासाठी घराला वेगळा पत्ता असतो. तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून येतो.

घराचा आतला कारभार कोण पाहतो? भिंतीवर किंवा कपाटावर एक छोटी पेटी असते. तिच्यावर दिवे लुकलुकत असतात. तिला राउटर म्हणतात. बाहेरून आलेला निरोप ती ज्याचा त्याला देते. मोबाईलचा मोबाईलला, कॉम्प्युटरचा कॉम्प्युटरला. आतला निरोप बाहेर पोचवण्याचे कामही तिचेच.

कॉम्प्युटर या पेटीशी जोडायचा म्हणजे त्याला चार गोष्टी ठाऊक पाहिजेत. चारही गोष्टी आकड्यांत लिहिलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचा पत्ता. तो आपण पाहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे शीव. आपले कोण आणि परके कोण, हे शिवेवरून ठरते. कॉम्प्युटरात तिला सबनेट मास्क म्हणतात. घरोघर बहुधा २५५.२५५.२५५.० हाच आकडा असतो. त्याचा अर्थ असा : ज्यांचे पहिले तीन भाग सारखे, ते शिवेच्या आतले. शेवटचा भाग ज्याचा त्याचा वेगळा. म्हणजे १९२.१६८.१.७ आणि १९२.१६८.१.५ हे एका शिवेतले. एवढे समजले तरी पुरे. याहून खोलात शिरायचे कारण नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वेस. गावाबाहेर जायचे तर वेशीतून जायचे. ज्याचा पत्ता शिवेबाहेरचा आहे, त्याच्यासाठीचा निरोप कॉम्प्युटर वेशीकडे पाठवतो. पुढचे वेस पाहून घेते. घरात ही वेस म्हणजे तो राउटरच. वेशीच्या पत्त्याला डिफॉल्ट गेटवे म्हणतात. पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, काही घरांत निराळा असतो. नक्की कोणता ते बहुधा राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेले असते.

चौथी गोष्ट म्हणजे नावांची वही. कॉम्प्युटरला आकडे कळतात आणि माणसाच्या लक्षात नावे राहतात. आपण नाव लिहितो. त्या नावाचा आकडा कोणता, हे कोणीतरी सांगायला हवे. हे काम डीएनएस करतो. फार पूर्वी जोडलेले कॉम्प्युटर थोडेच होते. तेव्हा सगळी नावे एकाच यादीत मावत. ती यादी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवा कॉम्प्युटर आला की यादीत नाव चढवायचे. पुढे कॉम्प्युटर इतके वाढले की एका यादीला झेपेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही यादी पुष्कळ ठिकाणी वाटून देण्याची पद्धत बसवली. आज आपण नाव लिहितो आणि पापणी लवायच्या आत आकडा मिळतो, तो या पद्धतीमुळे.

हे चार आकडे कॉम्प्युटरात कोणी लिहायचे? बहुतेक घरांत कोणीच लिहायचे नसतात. राउटर ते आपण होऊन देतो. पंगतीत यजमान उभा असतो. पाहुणा आला की तो सांगतो, "या, इथे बसा." पाहुण्याने पाट घरून आणायचा नसतो. तसेच कॉम्प्युटर जोडला की तो विचारतो, "मी कुठे बसू?" राउटर रिकामी जागा पाहून पत्ता देतो, आणि शीव, वेस, वही हेही सांगतो. या पद्धतीला डीएचसीपी असे नाव आहे. नाव अवघड आहे, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते दिसते म्हणून ओळखीचे असलेले बरे. पाहुणा उठून गेला की त्या पाटावर दुसरा बसतो. म्हणून आज ७ असलेला शेवटचा आकडा उद्या ९ झाला तर घाबरू नका. काही बिघडलेले नाही.

कधी कधी मात्र गाडे अडते. असा एक प्रसंग समजा.

एक वहिनी आहेत. रात्रीच्या वर्गात जाऊन लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांच्या दिराने शहरातून एक जुना कॉम्प्युटर आणला. तो एका कचेरीत वापरलेला होता. विकताना कचेरीने आपले कागद पुसून दिले होते. मुलीचा अकरावीचा प्रवेश-अर्ज भरायचा होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. दाखले सगळे पेनड्राइव्हवर होते. मोबाईलला तो जोडता येईना. दिराने राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत केबल लावली. पण इंटरनेट काही चालेना. खाली कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्याचे चित्र दिसे आणि त्यावर खूण.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच सांगितले, "आतलं कार्ड गेलं असणार. बाराशे पडतील. परवा येतो."

दीर म्हणाला, "वहिनी, बाराशे तर बाराशे. पण परवा येऊन काय उपयोग? मुदत तर उद्याच संपतीय."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा थांबा. मोबाईलवर वाय-फाय चालतंय का?"

"चालतंय की."

"मग राउटर धड आहे. बाहेरची केबलही धड आहे. अडलंय ते कॉम्प्युटरातच."

हा प्रश्न फार मोलाचा आहे, बरे का. त्याच राउटरवर मोबाईल चालत असेल तर राउटरला आणि कंपनीला दोष देता येत नाही. मोबाईलचे सिमवरचे इंटरनेट मात्र आधी बंद करून पाहावे, नाही तर फसगत होते. मोबाईलही चालत नसेल तर उलट समजावे. राउटरवर एल ओ एस या अक्षरांजवळ लाल दिवा लुकलुकत असला, तर काचेच्या केबलीतून उजेड येतच नाही. केबल कुठेतरी तुटली आहे किंवा निसटली आहे. तिथे घरच्या माणसाचे काम नाही. कंपनीला कळवावे.

मुलीने केबल जिथे खोचली होती तिथे पाहिले. हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे केबल पक्की होती आणि आतले कार्डही जिवंत होते. मग तिने मोबाईलमध्ये वाय-फायच्या नावावर बोट ठेवून पत्ता काढला. वहिनींनी तो पाटीवर लिहिला : १९२.१६८.१.५. नंतर मुलीने कॉम्प्युटरात पत्ता शोधला आणि वाचून दाखवला : १०.१.२०.४५.

वहिनींनी तो पहिल्याच्या खाली लिहिला. दोन्हीकडे पाहिले. म्हणाल्या, "अगं, हा आकडा आपल्या घरचा नाही. ह्याची शीवच वेगळी आहे."

आणि तसेच होते. कचेरीत कोणीतरी हे आकडे हाताने लिहून ठेवले होते. कचेरीने कागद पुसले, पण आकडे तसेच राहिले. कॉम्प्युटर आपल्या जुन्या गावाची वेस या घरात शोधत होता. ती वेस इथे नव्हतीच. पंगतीत यजमान "इथे बसा" म्हणत होता आणि हा मात्र आपलाच पाट धरून बसला होता.

दुरुस्ती काय केली ते नीट पाहा. विंडोज ११ असलेल्या कॉम्प्युटरवर ती अशी होते. खालच्या पट्टीवर चार चौकोनांचे चित्र असते. ते दाबले. यादीतून दातेरी चाकाचे चित्र, म्हणजे सेटिंग्ज, उघडले. डाव्या बाजूला नेटवर्क अँड इंटरनेट असे लिहिलेले असते, ते दाबले. केबल लावली होती म्हणून ईथरनेट निवडले. केबलीवाचून जोडलेला असता तर वाय-फाय निवडावे लागले असते. आत आयपी असाइनमेंट असे होते आणि त्यापुढे मॅन्युअल. मॅन्युअल म्हणजे हाताने लिहिलेले. शेजारी एडिटचे बटण होते. ते दाबून मॅन्युअलच्या जागी ऑटोमॅटिक निवडले आणि सेव्ह दाबले.

पत्ता बदलला. आता तो १९२.१६८.१.७ झाला. दीर म्हणाला, "झालं की!" पण अर्जाचे पान उघडेना.

इथे पुष्कळ माणसे हात टेकतात. वहिनींनी टेकले नाहीत. पत्ता घरचा झाला, शीव घरची झाली, वेस घरची झाली. राहिले काय? नावांची वही. त्याच पानावर थोडे खाली डीएनएस सर्व्हर असाइनमेंट असे होते. तिथे अजून मॅन्युअलच होते आणि कचेरीच्या वहीचा आकडा लिहिलेला होता. तिथेही एडिट, ऑटोमॅटिक, सेव्ह केले. पान उघडले. मुलगी अर्ज भरायला बसली. जेवणे त्या दिवशी जरा उशिरा झाली एवढेच. बाराशे रुपये वाचले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलीचे वर्ष वाचले.

तुमच्या घरी असे झाले तर एक काम बदल करण्याआधी करावे. जुने आकडे जसेच्या तसे कागदावर उतरून ठेवावे. बदल चुकला तर ते परत लिहिता येतात. आणखी एक लक्षात ठेवा. या पाठात आकडे मराठीत छापले आहेत. कॉम्प्युटरच्या त्या चौकोनात लिहायची वेळ आली तर मात्र ते इंग्रजी आकड्यांत लिहायचे, आणि मध्ये इंग्रजी टिंब द्यायचे.

ऑटोमॅटिक करूनही कधी पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसतो. तो राउटरने दिलेला नसतो. कॉम्प्युटरने विचारले, कोणी उत्तर दिले नाही, मग त्याने स्वतःच एक पत्ता घेऊन टाकला, असा त्याचा अर्थ. अशा वेळी केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा खोचावी. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा.

वेशीपर्यंत आवाज पोचतो की नाही, हे पाहण्याचीही सोय आहे. खालच्या पट्टीवरच्या शोधाच्या जागी सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून एंटर दाबले की काळा पडदा उघडतो. तिथे पी-आय-एन-जी लिहायचे, एक जागा सोडायची आणि वेशीचा आकडा लिहायचा. याला पिंग करणे म्हणतात. कॉम्प्युटर चार वेळा हाक मारतो. चारही वेळा ओ आली तर वेशीपर्यंतचा रस्ता साफ आहे. मग ८.८.८.८ ला हाक मारून पाहावी. ही गूगल कंपनीने २००९ साली सर्वांसाठी उघडी केलेली नावांची वही आहे. वेशीकडून ओ आली आणि तिच्याकडून आली नाही, तर बहुधा अडचण वेशीबाहेर आहे. दोन्हीकडून आली आणि तरी पाने उघडत नाहीत, तर आधी नावांच्या वहीचा आकडा तपासा. आणि कॉम्प्युटरचे घड्याळही पाहा. तारीख चुकलेली असेल, साल मागचे असेल, तर बँकेची आणि सरकारची पाने उघडत नाहीत. जुन्या कॉम्प्युटरात घड्याळाची बटणासारखी बॅटरी संपलेली असते. ती थोड्या पैशांत मिळते.

वाय-फायने जोडणाऱ्यांना जाड भिंतींचा त्रास होतो. दगडी किंवा मातीच्या भिंतीतून हा आवाज दबतो. राउटरवर बहुधा दोन नावे असतात. एक २.४ चे आणि एक ५ चे. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढे त्याचे काही चालत नाही. दोन भिंतींपलीकडे बसायचे असेल तर २.४ चे बरे. राउटर पत्र्याच्या कपाटात ठेवणे मात्र अगदी वेडेपणाचे. धूळ लागत नाही खरे, पण आवाजही बाहेर येत नाही.

राउटरच्या मागे एक बारीक भोक असते. मुले त्यात टाचणी घालून पाहतात. घालू देऊ नये. ते भोक सगळे पुसून राउटर कोरा करण्यासाठी आहे. कंपनीच्या माणसाने आत लिहून दिलेले नाव आणि परवलीचा शब्द त्याने पुसला जातो. मग तो माणूस येईपर्यंत घर बंद.

आता सावधगिरीची गोष्ट. आकडे बदलायला दुसऱ्या कोणाला कॉम्प्युटरात शिरू द्यावे लागत नाही. कधी अनोळखी माणसाचा फोन येतो. "तुमचं इंटरनेट बंद पडणार आहे, मी इथूनच दुरुस्त करतो, एवढं एक अ‍ॅप घाला आणि त्यावरचा आकडा मला सांगा," असे तो गोड बोलून सांगतो. तो आकडा सांगितला की आपला पडदा त्याला दिसतो आणि आपला कॉम्प्युटर त्याच्या हाताने चालतो. बँकेचे पान उघडले तर तेही त्याला दिसते. अशा वेळी फोन ठेवून द्यावा. घाईत सांगून बसलाच, तर आधी राउटरची केबल ओढून काढावी आणि बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या सरकारी नंबरावर ताबडतोब फोन करावा. उशीर केला तर पैसे हातोहात पुढे जातात. पोरांना रागावण्यात वेळ घालवू नये.

राउटरचेही एक कुलूप असते. नवा राउटर येतो तेव्हा पुष्कळदा त्याचे नाव आणि परवलीचा शब्द पोटाखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. घरात येणारा-जाणारा कोणीही तो वाचू शकतो. कंपनीचा माणूस जोडणी करायला येईल तेव्हाच त्याच्याकडून तो बदलून घ्या. नवा शब्द स्वतः निवडा. गावाचे किंवा मुलाचे नाव ठेवू नका, ते सगळ्या आळीला ठाऊक असते. तो माणूस जायच्या आधी चार गोष्टी एका कागदावर आपल्या हाताने लिहून घ्या : वाय-फायचे नाव व शब्द, वेशीचा आकडा, राउटर उघडण्याचे नाव व शब्द, आणि कंपनीने राउटरमध्ये लिहिलेले ग्राहकाचे नाव व शब्द. लिहिलेले त्याला वाचून दाखवा आणि बरोबर आहे ना ते विचारा. कागद भिंतीला चिकटवू नका. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.